चकवा आणि एक जर्मन पेपर : 'रहस्य सुटलं' म्हणण्याआधी



आज वाचायला घेतलेला पेपर जेमतेम पाच पानांचा आहे. भाषा सोपी, आकडेमोड थोडी, आणि प्रयोग असा की घरी आजीलाही सांगता येईल. २००९ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात तो आला. लेखक यान सौमन आणि त्यांचे तीन सहकारी. काम मुख्यतः जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतलं. शीर्षकाचा अर्थ साधारण 'सरळ चालता चालता गोलात' असा होईल. वाट हरवलेला माणूस गोल फिरून पुन्हा त्याच जागी येतो ही समजूत जगभर आहे. ती खरी आहे का, एवढाच प्रश्न त्यांनी घेतला. एका जर्मन टीव्हीवरच्या विज्ञान कार्यक्रमाने विचारणा केली आणि त्यातून काम उभं राहिलं. पीएचडीचा विषय कुठून मिळेल म्हणून वर्षभर थांबलेल्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

राधानगरी-दाजीपूरकडच्या माणसाला हा प्रश्न वाचताक्षणी एकच शब्द आठवणार : चकवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस रात्री रोजच्या वाटेने निघतो. चालतो, चालतो, आणि बऱ्याच वेळाने बघतो तर मघाचंच झाड, मघाचाच दगड. पुन्हा निघतो, पुन्हा तिथेच. पहाट झाली की दिसतं, घर हाकेच्या अंतरावर होतं. काही जण चकवा म्हणजे भुताचाच एक प्रकार मानतात, वेताळ-मुंजाच्या पंक्तीत बसणारा. काही जण जागेचा गुण मानतात. कोकणात, कोल्हापूरच्या पश्चिम भागात, विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, सगळीकडे शब्द ओळखीचा आहे.

आता गंमत अशी की चकव्याचा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, "विज्ञानालाही न उलगडलेलं गूढ." दुसरी म्हणते, "कसलं गूढ? जर्मनीत प्रयोग झालाय, माणूस गोलच चालतो, विषय संपला." पहिल्या बाजूशी वाद घालायला आपल्याला शिकवलेलं असतं. मला आज दुसऱ्या बाजूबद्दल बोलायचं आहे, कारण संशोधनाच्या तयारीला लागलेली मंडळी बहुतेक तिकडे सापडतात. आणि तिथे होणारी चूक सिनॉप्सिस लिहितानाही होते : आपल्याकडची एखादी गोष्ट घ्यायची, तिच्यासारखा शेवट असलेला परदेशी पेपर शोधायचा, आणि दोघांचं लग्न लावून टाकायचं. पत्रिका न बघता.

आधी पेपर नीट वाचू

प्रयोगाचे तीन भाग आहेत. पहिल्यात सहा जणांना जर्मनीतल्या बीनवाल्ड नावाच्या मोठ्या, सपाट जंगलात सोडलं. सूचना एकच : जमेल तितकं सरळ चालत राहा. काही तास. अंगावर जीपीएस. सहापैकी चौघे ढगाळ दिवशी चालले, सूर्य दिसत नव्हता. चौघेही गोलात गेले. त्यातल्या तिघांनी तर स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. उरलेले दोघे चालले तेव्हा सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर ऊन होतं. ते जवळपास सरळ रेषेत गेले.

दुसरा भाग ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात. तीन माणसं. दोघे दिवसा चालले. ते बाजूला झुकत गेले, पण गोल फिरले नाहीत. तिसरा रात्री चालला, पौर्णिमेचा चंद्र होता. चंद्र ढगाआड जाईपर्यंत तो ठीक होता. गेल्यावर त्याने काही वळणं घेतली आणि आला त्याच दिशेने परत चालू लागला.

तिसरा भाग मला सगळ्यात आवडतो. पंधरा जणांचे डोळे बांधून त्यांना मोठ्या मोकळ्या मैदानावर सरळ चालायला सांगितलं. ते गोल फिरले, आणि काही गोल इतके लहान की व्यास २० मीटर. म्हणजे आपल्या कबड्डीच्या मैदानाहून फार मोठा नाही. आणि तो माणूस मनात ठाम असतो की मी सरळ चाललोय.

इथे या लोकांनी एक काम फार चांगलं केलं. जुना समज असा होता की एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा लांब किंवा जास्त ताकदीचा असतो, म्हणून माणूस एका बाजूला वळत जातो. १९२८ मध्ये आसा शेफर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने तर डोळे बांधलेली माणसं चालवून, पोहवून, गाडी हाकवून बघितली आणि माणसात सर्पिल फिरण्याची काहीतरी अंगभूत यंत्रणा असते असं मांडलं. सौमन मंडळींनी विचारलं : पायात दोष असेल तर माणूस नेहमी एकाच बाजूला वळायला हवा ना? बघितलं तर बहुतेक जण कधी डावीकडे वळत होते, कधी उजवीकडे. पायांच्या ताकदीतल्या फरकाशीही मेळ बसला नाही. मग त्यांनी दुसरा खुलासा दिला. 'सरळ समोर' कुठे आहे याचा शरीराचा अंदाज प्रत्येक पावलाला किंचित चुकतो. त्या चुका एकमेकींना खोडत नाहीत, साठत जातात. सूर्य, चंद्र, लांबचा डोंगर असं काहीतरी बाहेरचं दिसत असेल तर हिशोब पुन्हा जुळतो. नसेल तर 'सरळ' हीच कल्पना हळूहळू फिरत जाते.

एखादा खुलासा खोटा ठरवायचा तर त्यातून काय निघायला हवं ते आधी बघायचं आणि ते निघतंय का हे तपासायचं. हे शिकण्यासाठी एवढा छोटा आणि चांगला नमुना मिळणार नाही. मार्गदर्शकाने सांगितलेल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या जाड पुस्तकाआधी हा पेपर वाचा.

उणिवा सांगायच्या तर सॅम्पल लहान आहे हे कुणीही सांगेल. जंगलात सहा, वाळवंटात तीन. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ढगाळ दिवस कुणाच्या वाट्याला आणि उन्हाचा कुणाच्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, आभाळाने ठरवलं. पण डोळे बांधलेल्या प्रयोगाने ती बाजू बरीच सावरली आहे. मी पेपरवर फार खोट काढणार नाही. खोट पेपरात नाही, आपण तो जिथे नेऊन चिकटवतो तिथे आहे.

चकवा सांगणारा नेमकं काय सांगतो?

चकव्याच्या गोष्टी लक्ष देऊन ऐकल्या तर त्यात दोन तपशील सारखे येतात, आणि 'विषय संपला' म्हणणारे नेमके तेच गाळतात.

पहिला : वाट ओळखीची असते. "मी काय परका हाय व्हय? जन्म गेला माझा हितं." हे वाक्य असल्याशिवाय चकव्याची गोष्ट पुरीच होत नाही. पर्यटक वाट चुकला तर त्याला कुणी चकवा म्हणत नाही, तो नुसता चुकला. बीनवाल्डमधली माणसं मात्र त्या जंगलात वाटेने चालतच नव्हती. त्यांना वाट नव्हतीच, दिशा होती. अनोळखी रानात दिशा राखणं आणि ओळखीच्या रानात वाट राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्यापैकी कुणी अंधारात डेअरीवर दूध घालायला जाताना 'मी सरळ चाललोय का' असा विचार करत नाही. आपण खुणांवरून चालतो : हा बांध, ही चढण, इथे पायाखाली जांभा लागतो, इथे ओहोळाचा आवाज येतो.

दुसरा तपशील : जागा ठरलेली असते. "तिथं चकवा हाय" असं म्हणतात. अमक्या वळणाशी, तमक्या ओढ्यापाशी. आता सौमन यांच्या खुलाशातून काय निघायला हवं ते बघा. बाहेरची खूण दिसत नसेल तर माणूस कुठेही गोल फिरेल. जागेला महत्त्व नाही. पुन्हा ज्या ठिकाणी तो येईल ते ठिकाणही दर वेळी वेगळं असेल. म्हणजे चकव्याच्या जागा खरोखर ठरलेल्या असतील तर हा पेपर त्यांचा खुलासा करत नाही. शेवट सारखा दिसतो, माणूस परत त्याच जागी. पण तिथवर पोचण्याची तऱ्हा वेगळी असू शकते.

मग कुठली? मला एक शक्यता दिसते आणि ती अगदी साधी आहे. राधानगरी अभयारण्याच्या परिसरात पायवाटा एका रेषेत नाहीत. माणसांच्या वाटा, गुरांच्या वाटा आणि गव्यांच्या वाटा एकमेकींत शिरतात, फुटतात आणि पुढे पुन्हा मिळतात. सावराईच्या सड्यासारख्या उघड्या जांभ्या खडकावर तर पाऊलवाट उमटतच नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा जाळ्यात एका तिकटीला अंधारात चुकीचा फाटा धरला की पुढची वाट आपोआप फिरवून त्याच तिकटीला आणून सोडू शकते. माणूस पुन्हा निघतो, सवयीने पुन्हा तोच फाटा धरतो, पुन्हा तिथेच. इथे पाय वाकडा पडत नाही, मेंदूतली 'सरळ'ची कल्पनाही फिरत नाही. गोल आधीपासून जमिनीवर आखलेला आहे. माणूस त्यावर बिनचूक चालतो आहे.

यात भर म्हणजे एकदा 'मी बरोबर वाटेवर आहे' असं मनाने धरलं की समोर दिसणारं सगळं त्यात बसवलं जातं. डोंगरात नकाशा घेऊन फिरणारे लोक याला नकाशा वाकवणं म्हणतात. ओढा असायला हवा होता, दिसला नाही, म्हणजे आटला असेल. चढण जास्त वाटली, म्हणजे मी दमलो असेन. बऱ्याच पुढे जाऊन सगळं एकदम कोसळतं, आणि ती भीती चकव्याच्या प्रत्येक गोष्टीत असते.

पेपरचा खुलासा आणि हा, दोन्ही एकदम खरे असू शकतात. सड्यावर पहिला लागू, दाट रानातल्या वाटांवर दुसरा. पण दोघांतून निघणारी भाकितं वेगळी आहेत, म्हणून ती तपासता येतात. दुसरा बरोबर असेल तर चकव्याच्या सांगितलेल्या जागा वाटांच्या तिकट्यांवर जास्त सापडतील. पहिला बरोबर असेल तर त्या विखुरलेल्या असतील, आणि धुक्याच्या, अमावस्येच्या रात्री जास्त.

अमावस्येबद्दल मात्र जपून. चंद्र नसताना माणूस भरकटतो याला सहारातल्या त्या एका माणसाचा आधार आहे. पण आपल्याकडे भुताची गोष्ट अमावस्येलाच घडते हा गोष्टीचाच नियम आहे. तिथीची नोंद कुणी ठेवलेली नसते, ती सांगताना बसवली जाते. जागेचंही तेच होऊ शकतं. एकदा एका वळणाला चकव्याचं नाव पडलं की पुढे आसपास हरवलेला प्रत्येक जण त्याच वळणाच्या खात्यावर जमा होतो. हा माझ्याच मुद्द्यावरचा आक्षेप आहे आणि तो जोरदार आहे. त्याला उत्तर एकच : ज्यांना ती गोष्ट माहीत नाही अशी माणसंही तिथेच चुकतात का ते बघायचं.

उलटा सदरा, जगभर

चकवा लागल्यावर काय करायचं हे वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतं. आहे तिथे बसून राहा. विडी पेटव. पायातल्या चपला अदलाबदल करून घाल. कपडे उलटे कर. कोंबडा आरवेपर्यंत हलू नको.

आता रशियात जा. तिथल्या रानाचा मालक लेशी, तो वाटसरूंना भुलवतो. उपाय : कपडे उलटे घाला, डाव्या पायातलं पायताण उजव्या पायात. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये पिक्सी नावाचे छोटे जीव वाट चुकवतात. उपाय : कोट उलटा करा. आयर्लंडमध्ये गवताचा एक भुलवणारा तुकडा असतो, त्यावर पाय पडला की शेतातून बाहेर पडण्याची वाट सापडत नाही. उपाय : पुन्हा कोटच. आणि आपल्या जवळ छत्तीसगडमध्ये भूलन कांदा. त्यावर पाय पडला की माणूस भुलतो, आणि कुणीतरी येऊन त्याला हात लावेपर्यंत भुललेलाच राहतो. संजीव बख्शी यांची त्यावर कादंबरी आहे, तिच्यावरून 'भूलन द मेझ' हा चित्रपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

हे वाचून अंगावर काटा येतो हे खरं. आणि काटा आला की लगेच एक वाक्य तोंडात येतं : "आपल्या पूर्वजांना यामागचं विज्ञान ठाऊक होतं." बसून राहिलं की घाबरलेलं मन शांत होतं, डोळे अंधाराला सरावतात, चपला बदलण्यात पाच मिनिटं जातात, तेवढ्यात भान येतं. पटण्यासारखं आहे, म्हणूनच त्रासदायक आहे. असा खुलासा कुठल्याही उपायाला लावता येतो. उपाय 'जोरात पळत सुट' असा असता तर आपण म्हटलं असतं की पळाल्याने रक्ताभिसरण वाढतं. जो खुलासा उलट्या गोष्टीलाही तितकाच बसतो, तो काही सांगत नाही.

शिवाय उलटं करणं ही कृती फक्त रानात वाट चुकल्यावर येत नाही. अशुभाला उलटवण्यासाठी वस्तू उलटी करणं अनेक समाजांत, अनेक प्रसंगांत दिसतं. जग उलटं झालंय, मीही उलटा होतो म्हणजे ते सुलटं होईल, असा त्यातला अर्थ असू शकतो. तो प्रतीकाचा भाग झाला, मेंदूशास्त्राचा नाही. छत्तीसगडचा उपाय मला यात वेगळा वाटतो, कारण तिथे सुटका बाहेरून येते, दुसऱ्या माणसाच्या स्पर्शाने. ज्याला लोकसाहित्यातून पीएचडी करायची आहे त्याने या सगळ्या उपायांची तुलना करायला हरकत नाही. फक्त शेवटच्या प्रकरणात 'वैज्ञानिक कारण' चिकटवू नये.

आणि एक. बसून राहिलेला माणूस पहाटे सापडतो आणि गोष्ट सांगतो. न बसता चालत राहिलेला आणि तासाभरात घरी पोचलेला माणूस सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. कड्यावरून गेलेला तर सांगूच शकत नाही. उपाय 'लागू पडतो' असं आपल्याला कशावरून वाटतं, तर फक्त पहिल्या प्रकारच्या लोकांवरून.

भागाकार करायचा कशाने?

"लाईट आली आणि भुतं पळाली" हे आपल्याकडे गावोगाव म्हणतात. चकवा पूर्वी फार लागायचा, आता लागत नाही. कारण उजेड आला, लोक शिकले. बरं. पण पूर्वी रात्री रानातून चालणारी माणसं किती होती आणि आता किती? तेव्हा बाजार, पै-पाहुणे, लग्नाचं बोलावणं, सगळं पायी. आता एसटी आहे, टू-व्हीलर आहे, वडाप आहे. चकवा लागणारे शंभर पट कमी झाले आणि रात्री चालणारेही शंभर पट कमी झाले, तर चकवा होता तेवढाच आहे. वर काय आणि खाली काय हे न विचारता काढलेला निष्कर्ष शिक्षणाच्या बाजूचा असला तरी कच्चाच.

हाच प्रश्न एकेका माणसालाही विचारायचा. दाजीपूरच्या बाजूला धनगरवाड्यांवरची माणसं वर्षानुवर्षं याच वाटांनी ये-जा करत आली. एखाद्याला आयुष्यात दोनदा चकवा लागला असं धरा. तो किती हजार रात्री नीट घरी पोचला? गोष्ट दोन रात्रींची बनते, उरलेल्यांची बनत नाही.

इथे राधानगरी धरणाचं उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. मध्यरात्री, भर पावसात, कुणीही बटण न दाबता त्यातला एक दरवाजा उघडतो आणि भोगावती फुगते. बाहेरच्या माणसाला सांगा, 'रहस्यमय धरण' म्हणून उद्या व्हिडिओ करेल. आपल्याकडे त्याची बातमी होते, रहस्य होत नाही. कारण अट सगळ्यांना माहीत आहे : पाणी ३४७.५० फुटांच्या पातळीला आलं की दाबाने दरवाजे उघडू लागतात, उतरलं की मिटतात. यातली यंत्रणा किती जणांना काढून दाखवता येईल? फार थोड्यांना. पण 'कधी होतं आणि कधी होत नाही' हे माहीत असलं की भीती उरत नाही. चकव्याची 'कधी होत नाही' ही बाजू कुणी लिहूनच ठेवलेली नाही.

सगळं एका पोत्यात नको

काही वाचक म्हणतील, अंधश्रद्धेला एवढं तोलून-मापून कशाला घ्यायचं? ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला, ज्या कोल्हापुरात २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे हा प्रश्न हलका नाही. म्हणूनच फरक करायला हवा. चकवा हा कुणाचा तरी अनुभव आहे. त्यावर कुणी पैसे उकळत नसेल तर तो दावाही नाही. फलज्योतिष हा दावा आहे, आणि दाव्याची परीक्षा वेगळी असते.

ती कशी, याचा आपल्याच मातीतला नमुना म्हणजे जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेली चाचणी. निकाल २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. वर्ष तेच, नियतकालिकाचं नावही जवळचं, गोंधळू नका. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, दोनशे पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवायच्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजाने साधारण वीस बरोबर येणार. म्हणून आधीच ठरलं : २८ किंवा अधिक बरोबर आल्या तर दखल घेण्यासारखं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. सर्वांत जास्त गुण २४, सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

मला यातला २८ हा आकडा आवडतो. तो निकालाआधी ठरला होता. चकव्यावर काम करणाऱ्याला असा आकडा ठरवता येणार नाही, कारण तिथे कुणी 'मी ओळखून दाखवतो' म्हणत नाही. पण निकालाआधी भाकीत लिहून ठेवता येतं : किती जागा तिकट्यांवर निघाल्या तर मी माझा खुलासा टिकला म्हणेन, किती निघाल्या तर सोडून देईन. हे सिनॉप्सिसमध्ये लिहा. व्हायवाला बसलेला परीक्षक तिथेच थांबून वाचेल.

प्रत्यक्ष काम करायचं तर

रात्री माणसं रानात सोडून बघू, ही कल्पना पहिल्या मिनिटाला रद्द करा. गवा समोर आला तर तो कन्सेंट फॉर्म वाचत नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि विद्यापीठाची एथिक्स कमिटीही हो म्हणणार नाही. डोळे बांधून चालण्याचा प्रयोग मात्र कॉलेजच्या ग्राउंडवर एका दुपारी होतो. मोबाईलचं जीपीएस एवढ्या लहान अंतराला भरवशाचं नसतं. त्यापेक्षा मैदानावर चुन्याने चौकटी आखा आणि वरच्या मजल्यावरून शूटिंग करा.

खरं काम मुलाखतींचं आहे आणि तिथे पहिल्याच वाक्यात डेटा बिघडू शकतो. "तुम्हाला कधी चकवा लागला होता का?" असं विचारलं की समोरचा माणूस तुम्हाला चकव्याची गोष्ट देईल : ठरलेली सुरुवात, ठरलेली अमावस्या, ठरलेला शेवट. "आज्जा, रात्रीचं रानातनं येताना वाट चुकल्याचं कधी झालंय का?" असं विचारा. मग तो चुकल्याचं सांगेल, आणि त्यातल्या कोणत्या चुकण्याला तो स्वतःहून चकवा म्हणतो हेही कळेल. तो शब्द तुमच्या तोंडून आधी येता कामा नये. मग जमिनीवर काडीने वाट काढायला सांगा. कुठून निघाला, कुठे फुटली, कुठे परत आला. शक्य असेल तर दिवसा त्यांच्याबरोबर त्या जागी जा आणि तिथल्या सगळ्या वाटा मोजा. तितक्याच वाटा, ज्या जागांबद्दल काही सांगितलं जात नाही, तिथल्याही मोजा. हे दुसरं मोजणं बहुतेक जण कंटाळून सोडतात, आणि मग तुलनेला काही उरत नाही.

आणि त्या म्हाताऱ्याला 'सब्जेक्ट' म्हणू नका. जर्मनीतल्या सहा जणांपेक्षा त्याच्याकडे एक गोष्ट जास्त आहे : तो ते रान ओळखतो, आणि तरीही चुकला. सौमन यांच्या पेपरात अशा माणसाबद्दल एक ओळही नाही. तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

पेपर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळेल. पुढच्या वेळी त्यातली जीपीएसची आकृती घेऊन बसू. चौघांच्या वाटा एकमेकींवर कशा काढल्यात आणि त्या आकृतीतून काय वाचता येत नाही, ते बघायचंय. तोवर कुणी आपल्या भागातल्या चकव्याच्या जागांचा साधा नकाशा करायला घेतला तर तिकट्यांवर खूण करायला विसरू नका.